मामा, तुमच्या ट्रकचे हिसके

मामा, दशक्रियेला कावळा लगेच शिवला. ओझरला नदीकाठी पिंड ठेवून लोक जेमतेम चार पावलं मागं सरले असतील, तोच तो आला, एक घास घेतला आणि उडाला. माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "बघा, मनात कायसुदिक राहिलं नव्हतं मानसाच्या." दुसरा म्हणाला, "लई समाधानी." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. जावई म्हणून मी पुढच्याच रांगेत होतो, त्यामुळं माझी मान सगळ्यांना नीट दिसली.

खरं सांगायचं तर मी तयारी करून आलो होतो. कावळा अडून बसला की घरातलं कुणीतरी पुढं होतं आणि 'अमुक करू, तमुकाला सांभाळू' असं कबूल करतं, हे मी बऱ्याच दशक्रियांना पाहिलेलं. तसा अडला तर आपण पुढं व्हायचं, पिंडाशी वाकायचं आणि नदीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं. पण तुम्ही उभ्या आयुष्यात कुणाला ताटकळत ठेवलं नाहीत, तिथंही ठेवलं नाहीत. माझं वाक्य तोंडातच राहिलं. ते आता इथं लिहितोय.

मंचरला माझा कंप्युटरचा क्लास आहे. टायपिंग, अर्ज, तक्ते, एवढं शिकवतो. मात्र पिंपळवंडीत तुमच्या दारात मी 'कंप्युटरवालं पावणं' होतो. कुणाचा मोबाईल पाण्यात पडला, कुणाचा सातबारा स्क्रीनवर उघडेना, कुणाचा मिक्सर जळाला, की "पावणं येऊ द्या." मिक्सरचा आणि माझा काय संबंध, हे मी एकदाही विचारलं नाही. चहा येईपर्यंत गंभीर चेहऱ्यानं बघत बसायचं आणि मग 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे' म्हणायचं. पंचवीस वर्षं ह्या एका वाक्यावर मी तुमच्याकडं पुरणपोळी खाल्ली.

तुम्ही ट्रकवरून कायमचे उतरलात आणि घरी बसलात, तेव्हा तुमची लेक सुनंदाच मला म्हणाली, "दादांचे हात सारखे हालत्यात ओ. जेवतानासुदिक ताट गिअरसारखं सरकवत्यात." तेव्हा मला ती आयडिया सुचली. ट्रक चालवायचा एक गेम असतो. परदेशातले रस्ते, मोठाले ट्रक, माल भरायचा, ठरल्या गावाला नेऊन पोचवायचा. पुण्याहून सुटे भाग आणून, व्हिडिओ बघून बघून मी स्वतः कंप्युटर जोडला. चित्रं भरभर काढणारं कार्ड तेवढं नवं घेतलं. खेळायचं स्टेअरिंग आणलं, ते मामींच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळून बसवलं. मामी एवढंच म्हणाल्या, "माझ्या ब्लाउजांचं काय?" आणि ब्लाउज शेजारी शिवायला टाकले.

पहिल्या दिवशी तुम्ही चप्पल दाराबाहेर काढलीत, स्टेअरिंगला हात लावून तो कपाळाला लावलात आणि मग बसलात. मी मनातल्या मनात हसलो होतो. तासाभरानं तुम्ही ट्रक रस्त्याकडेला घेतलात, इंजिन बंद केलंत, उठलात आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणालात, "च्या टाक गं. लांबून आलोय." तेव्हा मात्र आम्ही सगळेच हसलो. सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "पावणं, गाडी हिसके देती."

ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावरचा रस्ता हलताना दिसतो, कारण कंप्युटर दर सेकंदाला एकामागून एक नवी चित्रं काढत असतो. साठ काढली तर गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाते. पंधरा-सोळाच काढली तर अडखळते. वळण येतं म्हणेपर्यंत आलेलं असतं, ब्रेक दाबल्यावर जरा वेळानं लागल्यासारखा वाटतो. पडद्याच्या कोपऱ्यात हा आकडा दाखवायची सोय असते. मी येऊन ती सुरू केली. आकडा सोळा.

"ह्यो स्पीड हाय का?" तुम्ही विचारलंत.

"नाही मामा, ही चित्रं. ही साठ पाहिजेत."

"मंजी क्लच प्लेट गेल्यावाणी झालंय. इंजिन वरडतंय पर चाकाला ताकद जाईना."

मामा, तुम्ही रोगाचं नेमकं नाव घेतलं होतंत. अगदी नेमकं. मी तिकडं लक्षच दिलं नाही, कारण तुम्हाला कंप्युटरमधलं काय कळतंय, असं मला वाटत होतं.

मग माझा इलाज सुरू झाला. आधी सावल्या बंद केल्या. आकडा सतरा. मग गवत काढलं, झाडं विरळ केली. तुम्ही म्हणालात, "रान पार उघडंबोडकं केलं की ओ. दुष्काळ पडला का हितं?" मग पडद्यावरचं चित्र एवढं ढोबळ केलं की समोरची गाडी ट्रक आहे की गोठा, ते जवळ गेल्याशिवाय कळेना. आकडा एकोणीस. कंप्युटरचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला. गेम काढून पुन्हा टाकला. त्यातच एकदा मी म्हणालो, "मामा, ड्रायव्हर जुना झालाय, अपडेट करावा लागेल." कंप्युटरच्या भाषेत कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, त्यामुळं ते बरोबरच होतं, पण मी ते तुमच्याकडं बघून म्हणालो होतो. तुम्ही हसलात. मोठ्या मनाचा माणूस हसतो तसं. आज ते हसू आठवलं की मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

दसऱ्याला मामींनी कंप्युटरला हळदीकुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. मी आलो, हार बघितला आणि पाहुण्यांसमोर म्हणालो, "हेच! कुंकू आत जातं, पंखा जाम होतो, मग मशीन तापतं." मामी एवढंसं तोंड करून आत गेल्या. पुढच्या दसऱ्याला त्यांनी लांबूनच हात जोडले. कुंकवाचा कणभरही दोष नव्हता, मामी. हे तुमच्यासाठी मध्येच लिहितोय.

आणि मग मी आरसे काढले. त्या गेममध्ये ट्रकच्या दोन्ही बाजूंच्या आरशांत मागचा रस्ता दिसतो, आणि तो दाखवायला कंप्युटरला जास्तीचं काम पडतं. मी दोन्ही आरसे बंद केले. आकडा एकदाचा विसावर गेला आणि मी टाळी मागितली. तुम्ही टाळी दिलीत, पण म्हणालात, "पावणं, आरशाबिगर रिवर्स घ्यायला आमच्या वस्तादानं क्लीनरलासुदिक लावलं नव्हतं."

"अहो मामा, गेम आहे तो."

"व्हय, ते हायच म्हणा," तुम्ही म्हणालात आणि मान मागं वळवून बघितलंत. मागं भिंत होती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पुढचं नाही येत.

तुमची जुनी जीप तेव्हा चालू होती. बाजाराला नारायणगाव, चतुर्थीला ओझर, आणि रोज दुपारी आळेफाट्याला हॉटेलबाहेर, तुमचे जुने सोबती गेणूभाऊ बसायचे त्या बाकावर. एकदा मडगार्डला ओरखडा पडून आली, तेवढं सुनंदाला पुरलं. "हायवेला किती गाड्या वाढल्यात, दादांचं वय झालंय, तुमी बोला, तुमचं ऐकतील." मलाही पटत होतं, आजही पटतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं त्या रस्त्यावर गाडी घालावी का, ह्यावर आपला वाद झाला असता, व्हायलाच हवा होता. तुम्ही म्हणाला असतात, 'पावणं, तुमी पन्नाशीत जसा ब्रेक मारता तसा मी नव्वदीतबी मारणार न्हाई.' मी काहीतरी आकडेबिकडे सांगितले असते. समोरासमोर, माणसासारखा वाद. पण मला तुमच्याशी तोंडावर बोलायची छाती झाली नाही. मी पुरावा शोधला.

दिवाळीत सगळं घर जमलं होतं. मी हसत हसत म्हणालो, "चला मामा, आज टेस्ट होऊन जाऊ द्या. सगळ्यांसमोर." तुम्ही बसलात. आरसे नाहीत, गवत नाही, आकडा विसाखाली. पुढं टोलनाका आला. तुम्ही गाडी सरळ घेतली होती, वेळेवर ब्रेकही मारला होता. आज मला ते लख्ख आठवतं. पडद्यावरची गाडी मात्र एक हिसका देऊन थेट नाक्याच्या खांबावर गेली. घरातली पोरंटोरं 'ओऽऽ' करून ओरडली.

मी उभा राहिलो. क्लासमध्ये फळ्यासमोर राहतो तसा. म्हणालो, "मशीनला काही झालेलं नाही. मी स्वतः दोनदा तपासलंय. मामा, नजर आणि हात, दोन्ही मंदावलेत. राग मानू नका, पण खरी जीप असती तर?"

तुम्ही स्वतःच्या हातांकडं बघितलंत. पालथे केलेत, परत सुलटे केलेत. मग खिशातून जीपची चावी काढलीत, शिलाई मशीनवर ठेवलीत आणि म्हणालात, "पावणं म्हणत्यात मंजी तसंच आसंल."

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला तर फारच. मी चावी उचलली. जीप मंचरला नेली. अजून माझ्याकडंच आहे.

त्यानंतर तुम्ही त्या स्टेअरिंगवर कधी बसला नाहीत. हे मला कळलं ते तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी. भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा करायची म्हणून मी आणि सुनंदानं कंप्युटर भिंतीपासून ओढला. वायरी काढल्या. ती मागं धूळ पुसत होती. म्हणाली, "अहो, ह्या तीन भोकांना टोप्या कशाच्या?"

मामा, चित्रं काढणारं ते नवं कार्ड होतं ना, पडद्याची वायर त्यालाच लावायची असते. कंपनी त्या जागांवर काळ्या टोप्या घालून पाठवते, वाटेत धूळ जाऊ नये म्हणून. जोडताना मी त्या पाहिल्या होत्या, आणि मला कंपनीचं कौतुक वाटलं होतं. आपल्याकडं नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायची पद्धत कुठं आहे? आमच्या सोफ्यावर अजून आहे. रिमोट पिशवीत आहे. मोटरसायकलच्या सीटवरचं फाटलं तेव्हा मी त्यावर दुसरं घातलं. तसंच ह्या टोप्यांचं. धूळ जाणार नाही, राहू द्या, म्हणून मी पडद्याची वायर जे भोक उघडं होतं त्यात खुपसली. ते भोक कंप्युटरच्या अंगच्या साध्यासुध्या चित्रकामाचं, पत्रं नि तक्ते दिसतील एवढ्याच ताकदीचं. पंखा फिरत होता, म्हणून मी समजत होतो कार्ड चालू आहे. ते आपलं चालूच होतं, पण त्याचं कुणी काही घेत नव्हतं. दोन वर्षं.

मी नखानं एक टोपी काढली. वायर तिथं लावली. तुमचा हार घालायचा फोटो शोधायचा म्हणून मशीन सुरू केलं, पण माझं बोट गेमवर गेलं. गाडी त्याच टोलनाक्यावर, खांबाला नाक लावून उभी होती, दिवाळीपासून. आकडा साठ. मी सावल्या लावल्या, साठ. गवत आणलं, झाडं आणली, दोन्ही आरसे उघडले. साठच. गाडी मागं घेतली आणि त्या नाक्यातून सरळ पार नेली. मी, मामा. ज्याला तुम्ही 'पावणं, ब्रेक मंजी पायपुसणं न्हाई, सारका सारका पाय ठिवू नका' म्हणायचा, तो मी. एकदाही कुठं घासली नाही.

सुनंदानं बाहेरून विचारलं, "मिळाला का फोटो?"

"मिळाला," मी म्हणालो, आणि कंप्युटर बंद केला.

एवढंच तोंडातून निघालं. दशक्रियेला प्रवचन झालं, मग दोन शब्द बोलायला गेणूभाऊ उठले. तुमच्याबरोबर पार कलकत्त्यापर्यंत गाड्या हाकलेला माणूस, माईक हातात घेताना चाचरत होता. म्हणाले, "आमच्या रामभाऊला कळलं, आपली नजर गेली. कुनी सांगायच्या आधी चावी खाली ठिवली. आसा डायवर होनार न्हाई." लोकांनी डोळे पुसले. मी मांडी बदलली. 'कुनी सांगायच्या आधी' हे तर तुम्हीच त्यांना सांगितलं असणार, मला पाठीशी घालायला. माझ्यावर आळ येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःची नजर गेल्याचं कबूल करून टाकलंत.

तेराव्याची जेवणं उरकली. मामी शेजाऱ्यांची भांडी नावं बघून वेगळी करत होत्या. मी जवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. टोप्यांचं, आरशांचं, कुंकवाचंही. त्यांचा हात थांबला नाही.

"त्यास्नी ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मशीनच हिसके देतंय म्हून. म्हणायचे, डोळ्यात हिसका आसता तर दारातनं म्हशीबी हिसक्यानं चालल्या आसत्या."

"मग मला बोलले का नाहीत?"

"दुसऱ्या मिस्त्रीनं खोललेल्या इंजनात हात घालू न्हाई, म्हणायचे. ज्याचं त्यानं बघावं."

"अहो पण चावी? चावी का दिली?"

तेव्हा त्यांनी भांडं खाली ठेवलं. "भरल्या घरात पोरीच्या नवऱ्याला खोटं पाडायचं व्हय? उंद्या सुनंदाला त्याच घरात नांदायचं हाय." मग पुढचं भांडं उचलत म्हणाल्या, "मला सांगितलं, बरं केलं. पर मला सांगून काय उपेग? मी कुटं त्यांच्या नजरेला नाव ठिवलं व्हतं? आळेफाट्याला जावा. तितं सांगा."

मी मंचरहून आणलेली तुमची जीप काढली. पिंपळवंडी ते आळेफाटा अंतर ते किती, पण मला नको तितकं कमी वाटलं. हॉटेलबाहेरच्या बाकावर गेणूभाऊ आणि तुमचे चार-पाच जुने सोबती बसले होते. "या पावणं, बसा बसा," म्हणून त्यांनी जागा केली, चहा सांगितला. मी बसलो आणि गेणूभाऊंच्या कानाशी लागून, हळू आवाजात, सांगून टाकलं.

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "म्हून यायचा बंद झाला व्हय तो."

"कुठं?"

"हितं. चावी दिल्यावर म्हैना-दोन म्हैने आला, वडापच्या जीपमधनं, मानसं कोंबत्यात तसल्या. आमी चिडवायचो. 'रामभाऊ, च्यात माशी हाय का येलची, बघून पी रं.' 'रामभाऊ, मी कोन सांग बरं.' हसायचा. मग येईचना. आमी म्हणलं, गुडघं दुखत आसत्याल."

मामा, हे मला माहीत नव्हतं. जीपच तेवढी नेली असं मी समजत होतो. तुमचा बाकही मीच नेला होता.

गेणूभाऊंनी बशी खाली ठेवली. "पावणं, उभं ऱ्हा."

मी उभा राहिलो.

"आता हेच मोठ्यानं सांगा. ह्या बाकावर समद्यांनी त्याला आंधळा म्हणलंय. मी धरून."

मी सांगितलं. तुमची नजर चांगली होती, मशीन मी चुकीचं जोडलं होतं, दोष तुमच्यावर मी ढकलला. तेवढ्यात रस्त्यावरून एक भलामोठा ट्रेलर गेला. टोकाला बसलेला म्हातारा कानाला हात लावून म्हणाला, "आं?" गेणूभाऊ म्हणाले, "परत." मी परत सांगितलं. "त्येला नीट ऐकू आलं न्हाई," गेणूभाऊ म्हणाले. तिसऱ्यांदा मात्र मी ओरडूनच सांगितलं, क्लासमध्ये पंचवीस वर्षांत निघाला नाही एवढ्या आवाजात. पलीकडच्या गॅरेजमधला हातोडा थांबला. गल्ल्यावरचा माणूस मान बाहेर काढून बघायला लागला.

शेजारच्या टेबलावर कुठला तरी परगावचा ट्रकवाला मिसळ खात होता. त्यानं पाव तसाच हातात धरून विचारलं, "कोणाबद्दल चाललंय?"

"पिंपळवंडीचा रामभाऊ," गेणूभाऊ त्याच्याकडं वळून म्हणाले. "डायवर."

ट्रकवाल्यानं मान डोलावली आणि पुन्हा खायला लागला. माझा चहा तसाच निवत होता. मी उभाच राहिलो, मामा. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही. तुमचा जावई झाल्यापासून पहिल्यांदाच.